विचारपूस

१

रुग्णालयात तिला सगळे कानवाली बाई म्हणत. ती डॉक्टर नव्हती. कान तपासायचे, एवढंच तिचं काम. भिंतींना फोम लावलेल्या एका कोंदट खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." अठरा वर्षं ती हे वाक्य दिवसातून वीस-पंचवीसदा म्हणत आली होती. झोपेतही म्हणते, असं तिचा नवरा सांगायचा.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं होतं घरी. तिच्या वडिलांनाच ऐकू येत नव्हतं. बाबा टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाले आणि हळूहळू कान गेले. आधी डावा, मग उजवा. लेकीनं तपासणी केली, चांगल्यातलं मशीन बसवून दिलं. बाबांनी ते आठवडाभर वापरलं आणि डबीत घालून ठेवलं. "यात सगळे एकदम कालवा करतात," म्हणाले.

त्याला सहा वर्षं झाली होती. घरात त्यांच्याशी बोलणं म्हणजे आधी वहीत लिहून दाखवणं होतं, मग नुसत्या खुणा झाल्या, आणि मग खुणाही आटल्या. ताट समोर आलं की त्यांनी जेवायचं, कपडे काढून ठेवले की घालायचे. कोणी वाकडं वागत नव्हतं. विचारायचं राहून जात होतं, इतकंच.

या खेपेची सहलही त्यांना न विचारताच ठरली. त्यांचे गुडघे धरले होते, आणि खाऱ्या पाण्यात डुंबल्यानं सांधे मोकळे होतात असं कोणीसं म्हणालं. कानवाली, तिचा नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि बाबा असे चौघं शनिवारी सकाळी गाडीत बसले. आपण कुठे निघालोय ते बाबांना निम्म्या वाटेवरच्या पाटीवरून कळलं.

२

तळं प्रचंड होतं, पण तळ्यासारखं वाटत नव्हतं. काठाला गवत नाही, वर पाखरू नाही, पाण्याला लाट म्हणून नाही. काठ पांढराशुभ्र, आणि पाऊल टाकलं की करकरायचा. वारा होता, पण पाणी हलत नव्हतं.

"तेल ओतून ठेवल्यासारखं दिसतंय," नवरा म्हणाला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, बायकोसुद्धा. "मला हे काढायला सांगितलं तर मी कागद तसाच कोरा देईन."

मुलीला घरात टिटवी म्हणायचे, कारण तिचं तोंड मिटत नसे. ती गाडीतून उतरल्यापासून विचारत होती, "खरंच बुडत नाही? दगड बांधला तरी? आजोबा पण नाही?"

विश्रामगृह काठापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथलं सगळं मिठानं खाल्लेलं होतं. बिजागऱ्या कुरतडलेल्या, नळाच्या तोंडाशी पांढरे गड्डे, खिडकीच्या काचेवर पुसून न जाणारा धुरकट थर. खोलीचं दार लावताना असा आवाज यायचा की जणू कोणी दात खातंय. ते सांभाळणारी बाई पन्नाशीची, कमी बोलणारी. तिनं किल्ली दिली आणि टेबलावरची काचेची बरणी पुढे सरकवली. आत मेण लावलेले कापसाचे बोळे होते.

"पाण्यात उतरताना सगळ्यांनी कानात घाला. वीस मिनिटांच्या वर राहू नका. तोंड बुडवू नका."

"बोळे कशाला?" कानवालीनं धंद्याच्या सवयीनं विचारलं.

"मीठ साचतं."

"एवढंच?"

"एवढं पुरत नाही का?" बाई म्हणाली आणि पुढचं कपाट पुसायला लागली.

बाबांनी बोळा हातात घेऊन पाहिला आणि परत बरणीत टाकला. "मला कशाला? माझे कान देवानंच बुजवून पाठवलेत," म्हणाले आणि स्वतःच हसले. बाकीचे आपापले बोळे मोजून घेण्यात गुंतले होते.

३

पाण्यात पाय टाकला की ते पायाला वर ढकलायचं. मांडीपर्यंत गेलं की चालणं संपलं; मग नुसतं मागे रेलायचं, पाणीच आपल्याला झेलून घ्यायचं. टिटवी किंचाळत होती, गोल गोल फिरत होती. मास्तरांनी खुर्चीत बसल्यासारखं बसून दाखवलं. कानवालीला कितीतरी महिन्यांनी हसू आलं.

बाबा जरा पलीकडे उताणे तरंगत होते. उताणं तरंगायचं म्हटलं की कान पाण्याखालीच जातात. नुसता चेहरा वर राहतो, ताटलीसारखा. डोळे मिटलेले, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. तिला बरं वाटलं. म्हातारा सुखावलाय.

मग तिनं पाहिलं की त्यांचे ओठ हलताहेत.

पुटपुटत असतील, गुणगुणत असतील, असं वाटून तिनं दुर्लक्ष केलं. पण गुणगुणणाऱ्याचे ओठ असे हलत नाहीत. ओठ हलत, थांबत. चेहरा लक्ष देऊन काहीतरी ऐकल्यासारखा होई. भुवया वर जात. मग पुन्हा ओठ हलत.

"मास्तर, बाबांकडे बघा ना. कोणाशी बोलताहेत?"

मास्तरांनी एका कानातला बोळा काढून तिला पुन्हा विचारायला लावलं, मग तिकडे पाहिलं. "चला, सासरेबुवांना शेवटी कोणीतरी ऐकणारं भेटलं," ते म्हणाले.

ती पाणी ढकलत हळूहळू बाबांच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिली. तिनं बोळे काढले. बाबा अगदी निवांत, पूर्वी फोनवर बोलायचे त्या मऊ आवाजात बोलत होते.

"हो... हो, मुलीकडेच असतो... नाही, मुलगा नाही. एकच मुलगी. कानाचं काम करते, मोठ्या दवाखान्यात... जावई मास्तर आहेत. स्वभावानं गरीब... आहे ना, नात आहे. नऊ पूर्ण झाली."

मग बराच वेळ ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर हसू आलं.

"कोण? माझ्या मागे?" बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "कधीपासून उभी आहे?"

४

तिनं त्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर उचललं. बाबांनी डोळे उघडले आणि असं चिडून पाहिलं, जसा कोणी बोलता बोलता फोन हिसकावून घेतलाय.

काठावर, टॉवेल गुंडाळून, तिनं वहीत लिहिलं: कोणाशी बोलत होता?

"नाव नाही विचारलं मी. खात्यात आम्हाला विचारायची मुभा नव्हती."

तिच्या मनात एकच गोष्ट होती. ती लिहायला धीर होईना. शेवटी लिहिली: आई?

बाबांनी वाचलं आणि तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुझ्या आईचा आवाज मी ओळखणार नाही का? नाही ग. हा कोणाच्याच ओळखीचा नाही." त्यांनी गुडघ्यावरचं मीठ नखानं खरवडलं. "चौतीस वर्षं आवाजच ऐकले. माणूस कितीही भराभर बोलला तरी मध्ये श्वास घेतो. कानात कळतं ते. हा घेत नाही. एवढी लांब लांब वाक्यं, पण कुठे थांबत नाही."

तिनं टॉवेल अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. बाबा मात्र भ्यायले नव्हते. उलट, भरपेट जेवल्यावर माणूस दिसतो तसे तृप्त दिसत होते.

"पण फार अदबीनं बोलतात," ते म्हणाले. "घरी कोण कोण असतं, कोण काय करतं, तब्येत कशी आहे. सगळं नीट विचारतात. सहा वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, पोरी."

ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. म्हणूनच ते तिला लागलं.

५

कानवाली काही भोळसट नव्हती. कान गेलेल्यांच्या डोक्यात मेंदू स्वतःहून आवाज तयार करतो, हे तिनं शेकडो रोग्यांना समजावून सांगितलं होतं. कोणाला घंटा ऐकू येते, कोणाला गाणी. शिवाय पाण्यात आवाज कवटीच्या हाडातून जातो. जवळ एखादी मोटर चालू असेल, तिची घरघर डोक्यात शिरली असेल, आणि बोलायला आसुसलेल्या म्हाताऱ्यानं त्या घरघरीला शब्द दिले असतील. झालं. तिला एकदम हलकं वाटलं.

ती बाईकडे गेली. "न्हाणीघरांचा पंप तळ्याच्या बाजूलाच आहे का हो?"

"आहे. पण चार दिवस झाले बंद आहे. टाकीवरच भागवतोय." मग बाईनं विचारलं, "का?"

"काही नाही. वडिलांनी बोळे घातले नव्हते. तसंही त्यांना ऐकू येत नाही म्हणा."

बाईचा फडका थांबला. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"मग तर घालायला हवे होते," बाई म्हणाली आणि आत निघून गेली.

सोमवारी एका शाळेत तपासणीचं शिबिर होतं, म्हणून यंत्राची पेटी गाडीतच होती. कानवालीनं ती खोलीत आणली. मास्तर आणि टिटवी बाहेर मिठाचे खडे गोळा करत होते. दुपारचं ऊन त्या धुरकट काचेतून खोलीत पडलं होतं. तिनं बाबांना खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवले, बटण हातात दिलं.

निकाल होता तसाच होता. मोठ्यातला मोठा आवाज दिला तरी बाबा निश्चल. तिनं कागदावर खुणा केल्या आणि यंत्र बंद केलं.

बटणाचा लाल दिवा लागला.

होतं असं. रोगी उगीच दाबतात. यंत्र बंद केलं तरी दिवा काही क्षण लागू शकतो, तिनं स्वतःला सांगितलं, आणि वायर भिंतीतून काढली. बाबांचा अंगठा मात्र हलतच होता. दिवा आता लागत नव्हता, नुसती खटखट ऐकू येत होती. एकदा. मग थांबून दोनदा. मग बराच वेळ काही नाही. मग घाईघाईनं एकदा, जसं आपण 'हो, हो, कळलं' म्हणतो.

तिनं हेडफोन ओढून काढले. बाबा म्हणाले, "इथे फार लांबून येतं ग. पाण्यात स्वच्छ."

ते थकून आडवे झाले. कानवाली हेडफोन हातात धरून उभी राहिली. ते आपल्या कानाला लावू नयेत हे तिला कळत होतं. तिनं लावले.

आवाज नव्हता. पण शांतता अनेक तऱ्हेच्या असतात, आणि तिचं आयुष्य त्या ओळखण्यातच गेलं होतं. ही रिकाम्या तारेची शांतता नव्हती. कोणीतरी फोन उचललाय, आणि समोरचा काय बोलतो याची वाट बघत उभं आहे, तशी होती.

६

रविवारी दुपारी निघायचं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, आता कोणी पाण्यात जायचं नाही, सकाळीच निघू. मास्तरांनी कारण विचारलं. कारण सांगता येईना. ते म्हणाले, "ठीक आहे, गाडीत सामान भरतो." कधी फाटे न फोडणारा माणूस होता तो.

सकाळी ती अंघोळ करून आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. टिटवीची चप्पल नव्हती. बाबांचा टॉवेल नव्हता.

ती तशीच ओल्या केसांनी पळाली. काठावर, मिठात, दोन बोळे पडले होते. लहान, टिटवीच्या कानांचे. आणि पुढे पाण्यात दोघं आजोबा-नात डोक्याला डोकं लावून उताणी तरंगत होती. टिटवी गप्प होती. नऊ वर्षांत आईनं तिला इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. तिचे ओठ मात्र हलत होते.

आई कपड्यांनिशी पाण्यात शिरली. पाणी पुढे जाऊ देईना, पाय उचलून फेकून देत होतं. तिनं मुलीला केसाला धरून वर ओढलं, काखेत मारलं आणि काठावर आणून आपटलंच जवळजवळ.

"काय विचारलं? टिटवे, काय विचारलं तुला?"

टिटवी रडकुंडीला आली. "आजोबा म्हणाले, थांब, तुला जोडून देतो. मी काहीच केलं नाही."

"काय विचारलं?"

"आपल्या घरात खोल्या किती. आणि कुठली रिकामी आहे."

"मग?"

"मी सांगितलं. मागची, शिलाई मशीनची. तिथे कोणी झोपत नाही."

मागून बाबा हातांवर रांगत बाहेर आले होते. त्यांनी दोघींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि टॉवेलाजवळची वही पुढे केली. कानवालीनं ओल्या बोटांनी लिहिलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. हळूहळू त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलं.

"मला खोल्यांचं नव्हतं विचारलं," ते म्हणाले. "मला माणसांचं विचारलं." आणि मग स्वतःशीच, "मी जोडून दिलं. मीच."

७

बाईनं किल्ली घेतली, वर पाहिलं नाही. गाडी सुरू झाल्यावर मात्र ती खिडकीशी आली. "पोरीनं बोळे घातले होते ना?" तिनं विचारलं.

कानवालीनं काच वर केली.

घरी पोचले. सामान उतरवलं, आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी हॉलमधली आपली गादी गुंडाळली. त्या खिडकीजवळच्या जागेसाठी ते सहा वर्षांपूर्वी लहान मुलासारखे हट्टाला पेटले होते. गादी त्यांनी मागच्या खोलीत नेली. शिलाई मशीन सरकवलं, गादी घातली आणि वर बसले.

"बाबा, इथे उजेड नाही, वारा नाही," मास्तर खुणा करून सांगत राहिले.

"असू दे," बाबा म्हणाले. "रिकामी नको."

८

तीन महिने गेले. बाबा खोलीतून फक्त जेवायला आणि नैसर्गिक विधींना बाहेर पडत, तेही घाईघाईनं. बाहेर पडताना उशीवर आपला चष्मा किंवा कोट ठेवून जात, बसच्या सीटवर रुमाल टाकावा तसा. कानवालीनं आता त्यांना विचारायला सुरुवात केली होती. भाजी काय करू, कुठला सदरा घालता, पाय कसे आहेत. वही भरत चालली. बाबा उत्तरं देत, हसत, पण एक कान जणू दुसरीकडे असे.

एका दुपारी ती दारावरून जात होती. बाबा भिंतीकडे तोंड करून, उशीत कान दाबून पडले होते. त्यांचा तो मऊ, सौजन्याचा, खात्यातला आवाज तिनं ऐकला.

"नाही. अजून नाही. मी आहे ना इथे." थोडं थांबून, "वय? झालं की वय. अठ्ठ्याहत्तर... हो. बरोबर आहे तुमचं. पण अजून आहे मी."

ती दारातून मागे सरली. नवऱ्याला सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. मास्तर डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील, औषध आणतील, आणि त्यांचं चुकणारही नाही, असं तिला वाटलं. ती भांडी घासायला गेली.

९

हिवाळ्यात बाबांच्या छातीत कफ धरला. त्यांना दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शिलाई मशीनचा पाय धरून ठेवला. दोन माणसांना सोडवता येईना. शेवटी कानवालीनं त्यांच्या डोळ्यांसमोर वही धरली: मी झोपते इथे.

बाबांनी हात सोडला. "उत्तर कमी दे," ते म्हणाले. "जे विचारतील तेवढंच. नको असेल तर तेही नको."

ती त्याच दुपारी रजा टाकून मागच्या खोलीत आडवी झाली. मास्तर शाळेत, टिटवी शाळेत. घरात फ्रिजचा आवाज आणि रस्त्यावरचा, लांबचा. तिनं तयारी केली होती. खोली रिकामी आहे का असं विचारतील. नाही म्हणायचं. तेवढंच. ती मनात घोकत होती, नाही, नाही, नाही. आणि हे घोकणं किती हास्यास्पद आहे हेही तिला दिसत होतं. अठरा वर्षं कानांचं शास्त्र सांगत आलेली बाई, भर दुपारी, बापाच्या उशीवर कान टेकून पडलीय.

उशीत आधी तिच्याच रक्ताचे ठोके ऐकू आले. मग ते मागे सरले, दार उघडल्यावर गर्दी बाजूला होते तसे. आणि मध्ये जागा झाली.

आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. फार जवळचा आणि फार सभ्य होता. आधी बाबांच्या प्रकृतीची चौकशी झाली. मग तिच्या कामाची. दिवसभर लोकांना तपासून ती दमत असेल, आणि तिला स्वतःला कोणी विचारत नसेल. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, इतकं ते खरं होतं. वाक्य कुठे संपतच नव्हतं. ते वाहत वाहत पुढे गेलं, आणि त्याच्याच ओघात, रस्ता विचारावा इतक्या साधेपणानं, तिला विचारलं गेलं की मुलगी शाळेतून किती वाजता सुटते.

"साडेचारला," ती म्हणाली.

उशी एकदम उशी झाली. आत कापूस होता, दुसरं काही नव्हतं.

१०

ती अनवाणी शाळेपर्यंत पळत गेली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेचारला घंटा झाली, आणि टिटवी मैत्रिणीशी भांडत भांडत, नेहमीसारखी, सगळ्यांत शेवटी बाहेर आली. आईच्या पायांकडे पाहून लाजली. "आई, चप्पल कुठेय तुझी?"

काहीही झालं नव्हतं.

बाबा दवाखान्यातून परत आले ते आणखी सव्वा वर्ष त्या खोलीत जगले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काही म्हणाले?" तिनं मान हलवून नाही सांगितलं. बाबांना ऐकू येत नसलं तरी खोटं कळायचं; चौतीस वर्षांचा ऑपरेटर होता तो. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. ते गेले त्या दिवशी मास्तरांनी, बायकोनं एकदाच सांगितल्यावर, आपली चित्रं, फळ्या, रंगांचे डबे असं सगळं आणून ती खोली छतापर्यंत भरून टाकली. दार आता उघडतही नाही.

कानवालीनं दुपारची पाळी सोडली. टिटवी तेरा वर्षांची झाली तरी आई रोज साडेचारला फाटकाशी हजर असते. मुलगी चिडते. सगळ्या जणी एकेकट्या घरी जातात, माझीच आई येते, म्हणते. मास्तर म्हणतात, जाऊ दे, तिला बरं वाटतं.

तिला बरं वाटत नाही. फाटकाबाहेर रोज पंधरा-वीस माणसं उभी असतात. आया, बाप, आजोबा, रिक्षावाले, कोणाकोणाचे कोण. घंटा होते, मुलं धावत सुटतात, आणि सगळ्यांच्या माना शाळेकडे वळतात. कानवाली तेवढी शाळेकडे पाठ करून उभी असते. ती येणाऱ्या मुलांकडे बघत नाही. वाट बघणाऱ्यांकडे बघते, एकेकाच्या तोंडाकडे, टिटवी येऊन तिचा हात धरेपर्यंत.